उदाहरण नऊ अर्धंच छापलंय, मॅडम

मॅडम, तुमच्या शोकसभेतून मी मध्येच उठून आलो. लोकांना वाटलं, पटले मिलवाल्याला रडू आवरलं नाही. तसं काही नव्हतं. मला राग आवरला नाही.

प्राचार्य माइकवर म्हणाले, "वनिता उईके मॅडम अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या. कधी कोणाशी वाद नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. उभं राहून ओरडावंसं वाटलं, की साहेब, तुम्ही नेमकं कोणाबद्दल बोलून राहिले? ही बाई दोन सत्रं माझ्याशी भांडली आहे. अर्ध्या अर्ध्या गुणासाठी भांडली आहे. वर्गात पन्नास पोरांसमोर मला म्हणाली आहे, "पटलेभाऊ, तुमचा आवाज मोठा आहे म्हणून तुमचं उत्तर बरोबर होत नाही." माणूस गेल्यावर त्याला हार घालता, ते ठीक. पण त्याचा स्वभाव कायले बदलता?

तुम्ही शांत नव्हत्या. तुम्ही हट्टी होत्या. माझ्याइतक्याच. मला ते आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही अजून अर्धा गुण कापला असता.

मी तुमच्या गणिताच्या वर्गात आलो तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं आणि तुमचं एकतीस. मुर्री गावातून सायकलने येऊन राइस मिलमध्ये हमाली करण्यापासून मी सुरुवात केली. मग कोंडा विकला, कणी विकली, दुसऱ्याची मिल चालवायला घेतली, आणि शेवटी फुलचूरच्या पुढे स्वतःची लहानशी मिल टाकली. कोणी बोट धरलं नाही. पण मिलमालकांच्या बैठकीत कोणी डिग्रीवाला उठून "ऑप्टिमम" म्हणाला, की माझ्याकडे बघून हसायचा, "पटले जी, ये आपके काम का नहीं है." हे मी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकायच्या आधी इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. रविवारची बॅच. पोरं मला काका म्हणायची.

पहिल्या चाचणीत मी सगळी उत्तरं बरोबर लिहिली होती. तुम्ही दहापैकी पाच दिले. मी पेपर घेऊन तुमच्या टेबलावर आलो.

"मॅडम, उत्तर बरोबर आहे का नाही?"

"आहे."

"मग काऊन कापले?"

"रीत कुठे आहे?"

"रीत डोक्यात आहे."

"मग गुणही तिथेच आहेत. घ्या काढून."

पोरं हसली. मी म्हणालो, नऊ द्या. तुम्ही म्हणालात, पाच. मी म्हणालो, आठ. तुम्ही म्हणालात, पाच. मी म्हणालो, बरं, ना तुमचं ना माझं, सात. तुम्ही लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणालात, "पटलेभाऊ, तुम्ही धान पाहायला जाता तेव्हा शेतकरी म्हणतो, माल चांगला आहे, विश्वास ठेवा. तुम्ही ठेवता काय? पोत्यात हात घालताच ना? मी पण हात घालून राहिले."

मी पाच गुणांचा पेपर घेऊन जागेवर गेलो. गोरेगावच्या आठवडी बाजारात मी कधी कोणासमोर सौदा अर्ध्यात सोडला नव्हता. तुमच्यावरचा माझा राग तिथून सुरू झाला.

आणि खरा राग धानाचा आहे. तो वाद आपला मिटलाच नाही.

तुम्ही सरळ रेषा शिकवली. एका दिवसात इतकं, तर दोन दिवसांत दुप्पट. मला ते ऐकताक्षणी पटलं, कारण मी हमाल होतो. एका ट्रकला दोन तास, दोन ट्रकला चार. माझं सगळं आयुष्य सरळ रेषेत गेलं होतं आणि त्याला समीकरण असतं हे मला पहिल्यांदा कळत होतं. छाती भरून आली, खरं सांगतो. त्याच आठवड्यात मिलवर ओलं धान आलं होतं, अंगणात पसरलं होतं. ओलावा मोजायचं यंत्र मी नवीनच घेतलं होतं. पहिल्या सकाळी बावीस टक्के, दुसऱ्या सकाळी अठरा. दिवसाला चार उतरले. मला हवे होते चौदा. बावीस वजा चार गुणिले दिवस. दोन दिवस! वहीच्या पानावर मांडलं, रीतसुद्धा लिहिली, आणि दोन दिवस झाल्याबरोबर पोती भरून थप्पी लावली.

वीस वर्षं मी धानाचा दाणा दाताखाली धरून सांगत आलो की वाळलं की नाही. त्या दिवशी दात वापरला नाही. समीकरण वापरलं.

थप्पी आतून तापली. आठवड्याने पोती उघडली तर वास, आणि दाणा पिवळा. हमालांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोती ओढून बाहेर काढायला लागले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी मी वर्गात पिवळ्या दाण्यांची पिशवी आणून तुमच्या टेबलावर ओतली. "हे तुमचं गणित."

तुम्ही दाणे हातात घेतले. रागावला नाहीत. उलट एकदम खूश झालात, आणि मी अजूनच पेटलो. तुम्ही विचारलं, "किती दिवस वाळवलं?" मी सांगितलं. तुम्ही माझं समीकरण फळ्यावर लिहिलं आणि म्हणालात, "आता हेच धान सहा दिवस ठेवा. किती ओलावा राहील?"

मी हिशेब केला. बावीस वजा चोवीस.

"वजा दोन," मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं.

"वजा दोन टक्के पाणी म्हणजे काय जी, पटलेभाऊ?" तुम्ही विचारलं. "सहाव्या दिवशी धान तुमच्या दारात येऊन पाणी मांगन काय?"

अख्खा वर्ग हसला. मी पण हसलो, पण आतून नाही. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही वाकडी रेषा आधी कायले नाही शिकवली? सरळ रेषा शिकवून सोडून दिलं. मधल्या आठवड्यात माझं धान गेलं. चूक तुमची."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प्रत्येक समीकरणाखाली लिहा, हे कुठपर्यंत चालतं. अट लिहा. तुम्ही लिहिली होती का?"

"ती कोण लिहितो?"

"ज्याचं धान पिवळं पडत नाही तो."

चूक कोणाची, हा वाद आपण शेवटपर्यंत चालवला. मी म्हणायचो, शिकवणाऱ्याची. तुम्ही म्हणायच्या, अर्धी अट न लिहिणाऱ्याची, अर्धी दात न वापरणाऱ्याची, आणि दोन्ही अर्ध्यांचा मालक एकच. परीक्षेनंतरही कॉलेजच्या गेटवर भेटलो की तुम्ही आधी विचारायच्या, "काय पटलेभाऊ, मान्य?" मी म्हणायचो, "अमान्य." मग चहा. आता मान्य करायला गेलो तर समोर कोणी नाही. हे बरं केलं नाही तुम्ही. वादात एकाने असं उठून जायचं नसतं.

मग तुम्ही तेच धान नोट्समध्ये घातलं. पाठ्यपुस्तक इंग्रजीत होतं आणि त्यात विमान कंपन्या आणि सफरचंदाचे खोके. आमची पोरं आमगाव, सालेकसा, तिरोड्याहून मराठी शाळांतून आलेली. तुम्ही सगळा अभ्यासक्रम मराठीत हाताने लिहून काढला. तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर मॅट्रिक्स, मिलच्या दोन यंत्रांवर असमीकरणं, एसटीच्या फेऱ्यांवर फलन. आणि उदाहरण नऊ: "एका मिलवाल्याने ओले धान वाळत घातले..." माझं नाव घातलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "मिलवाला म्हटलं तरी सगळ्यांना कळतं."

उदाहरण नऊ दोन पानांवर होतं. पहिल्या पानावर माझी सरळ रेषा आणि उत्तर, दोन दिवस. पान उलटल्यावर एक ओळ: "आता सांगा, मिलवाल्याचे धान पिवळे का पडले?" आणि त्याखाली खरी रीत. पोरं पान उलटून हसायची आणि मग ते कधीच विसरायची नाहीत. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तुमच्या नोट्स उईके म्हणूनच मिळायच्या. "एक उईके द्या," एवढंच म्हणावं लागायचं.

मी म्हणालो होतो, मॅडम, पहिल्या पानावर नाव टाका. तुम्ही म्हणालात, राहू द्या. तुम्ही तासिकेवर होत्या. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, नवा आदेश. आपलं नाव मोठं करायला निघाली असं कोणाला वाटायला नको, एवढंच तुम्हाला हवं होतं. मी म्हणालो, मला एकदा प्राचार्यांकडे जाऊ द्या. मी बोलतो. लोकांकडून काढून घेणं हेच माझं काम आहे.

तुम्ही तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवला. "माझ्या बाबतीत तुम्ही सौदा करायचा नाही. शब्द द्या."

मी दिला. तोच माझा तुमच्यावरचा सगळ्यात मोठा राग आहे. तुम्हाला कमाल मूल्य काढता येत होतं, किमान मूल्य काढता येत होतं. फळ्यावर अवकलन करून शिखर कुठे आहे ते दाखवायच्या, आणि स्वतःसाठी मागायची वेळ आली की पायथ्याशी बसायच्या. आणि माझ्यासारख्या माणसाचे हात बांधून ठेवायच्या.

अजून एक आहे. ते मी कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या सत्रात तुमचे रविवार चुकायला लागले. आलात तरी खुर्चीवर बसून शिकवायच्या, फळ्यावर आम्हाला लिहायला लावायच्या. एकदा मी भर वर्गात म्हणालो, "मॅडम, आम्ही चाळीस किलोमीटरवरून येऊन राहिलो, तुम्हाला खुर्चीतून उठवत नाही?" तुम्ही उठलात. भिंतीला एक हात लावून तासभर उभ्या राहिलात आणि शिकवलंत. मला वाटलं, मी जिंकलो.

तुम्हाला सिकलसेलचा आजार होता, हे मला तुमच्या शोकसभेत कळलं. सांधे दुखायला लागले की सुऱ्या घातल्यासारखं होतं, असं शेजारी बसलेल्या एका पोरीने सांगितलं. तिच्या घरीही आहे म्हणे. मॅडम, तुम्ही एक शब्द बोलायचा होता. मी ओरडतो, पण मी दगड नाही. भिंतीला टेकलेला तुमचा हात मला आता रोज दिसतो. त्याची माफी मागायची होती. ती या कागदावर मागतो, कारण तुम्ही दुसरी जागा ठेवली नाही.

तर शोकसभा. तुमचे वडील पहिल्या रांगेत बसले होते. देवरीकडच्या जंगलात आयुष्यभर वनमजुरी केलेला माणूस. प्लास्टिकच्या खुर्चीवर पण तो पाय जवळ घेऊन बसला होता. भाषणं चालू असताना मागे वळून त्यांनी हळूच विचारलं, "तुमी पटले काय जी? पोरगी तुमचं नाव घे. खूप भांडता म्हने तुमी."

मी म्हणालो, हो, मीच.

"तिनं पुस्तक लिहलं म्हने. त्याच्यावर तिचं नाव असन ना? एक देता काय? तिच्या मायले दाखवतो."

बाजूच्या टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा होता. या वर्षी कॉलेजने तुमच्या नोट्स छापल्या, हे मला माहीत होतं. माझ्याकडे जुनी झेरॉक्स असल्यामुळे मी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. एक प्रत उचलली. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, "संकलन: गणित विभाग."

गणित विभाग! मॅडम, त्या विभागात कोण होतं? एक खुर्ची, एक डस्टर आणि तुम्ही.

मी आत पाहिलं. कुठे तरी असेल, प्रस्तावनेत, आभारात. नव्हतं. पानं चाळता चाळता उदाहरण नऊवर आलो. माझी सरळ रेषा. उत्तर, दोन दिवस. पान उलटलं. उदाहरण दहा. मधलं पान छापताना गळालं होतं आणि कोणालाच कळलं नव्हतं. कारण कोणी ते सोडवून पाहिलंच नव्हतं. माझी चूक, जिच्यावर तुम्ही दोन सत्रं माझी चामडी सोलली, ती आता बरोबर उत्तर म्हणून पोरांना शिकवली जात होती.

तुमचे वडील हात पुढे करून बसले होते. त्यांच्या हातात मी ते पुस्तक ठेवू शकलो नाही. म्हणालो, "दादा, ही प्रत खराब आहे. चांगली घेऊन मी स्वतः घरी येतो." आणि उठून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. माझा शब्द मोडला, मॅडम. तुम्ही असताना पाळला, हे लक्षात ठेवा.

प्राचार्य वाईट माणूस नाहीत. दमलेला माणूस आहे. म्हणाले, "पटले जी, बैठिए. पुढच्या आवृत्तीत विशेष आभारात मॅडमचं नाव नक्की घालू."

मी म्हणालो, "आभार कायले? लिहिलं त्यांनी. आणि आत चूक आहे ती वेगळी."

"छापलंय म्हणजे तपासलं असेल ना कोणी."

"कोणी? विभागाने संकलन केलं असेल तर विभागाला बोलवा. उदाहरण नऊ बरोबर की चूक, एवढं सांगू द्या."

विभाग कुठून येणार? केबिनमध्ये वेळापत्रकाचा पांढरा फळा होता. मी अर्धा पुसला. ते "अरे, अरे" म्हणेपर्यंत मार्कर घेतला.

"अहो, उत्तर काय येतं ते बता दीजिए, बस."

मॅडम, तुम्ही ऐकायला हव्या होत्या. मी म्हणालो, "नाही साहेब. रीत पाहा."

आणि मी लिहिली. एक पायरी गाळली नाही. आधी माझी सरळ रेषा. सहा दिवस, वजा दोन. "साहेब, वजा दोन टक्के पाणी पाहिलंय कधी?" ते हसले नाहीत, पण खुर्ची जवळ ओढली. मग तुमची रीत. धान कितीही वाळवलं तरी त्या हवेत बाराच्या खाली जात नाही, म्हणून बाराच्या वर किती राहिला ते पाहायचं. पहिल्या दिवशी बारावर दहा, दुसऱ्या दिवशी सहा. म्हणजे रोज चार उतरत नाहीत. रोज उरलेल्याचे सहा दशांश उरतात. दहा, सहा, तीन पूर्णांक सहा. म्हणजे मी पोती भरली तेव्हा ओलावा चौदा नव्हता, पंधरा पूर्णांक सहा होता. मग लॉग घेतला. माझ्या हाताने, मॅडम, शिपाई चहा घेऊन दारात उभा असताना. उत्तर तीन दिवसांहून थोडं जास्त. खाली दोन रेघा ओढल्या.

"तो मिलवाला मी आहे," मी म्हणालो. "आणि हे ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव वर पाहिजे. आभारात नको. वर."

सौद्यात मी नेहमी दुप्पट मागून अर्ध्यावर येतो. त्या दिवशी जे हवं तेच मागितलं आणि तिथेच उभा राहिलो. ते म्हणाले, पुढच्या वर्षी. मी म्हणालो, आत्ता. ते म्हणाले, छापून झालंय. मी म्हणालो, पट्टी चिकटवा, मी चिकटवतो. ते म्हणाले, विभागाचं नाव राहू द्या आणि खाली मॅडमचं. मी तुमच्यासारखं मार्करचं टोपण लावलं. तुमच्यासारखाच उभा राहिलो.

ते फळ्याकडे पाहत म्हणाले, "मैडम इतना सब लिखवाती थी आपसे?"

"एक पायरी गाळली की अर्धा गुण जायचा साहेब."

त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली.

काल दिवसभर मी आणि तुमच्या बॅचच्या दोन पोरी कॉलेजच्या वाचनालयात बसलो होतो. प्रत्येक प्रतीवर पट्टी: "लेखन: वनिता उईके." उदाहरण नऊनंतर गळालेलं पान, माझ्या झेरॉक्सवरून तुमच्याच अक्षरात काढलेलं. पहिली प्रत घेऊन मी आज देवरीला निघालो होतो. तुमच्या आईला वाचता येत नाही, पण नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवणार होतो.

निघण्याआधी एकदा उघडून पाहिलं. जुन्या झेरॉक्समध्ये पानाची शेवटची ओळ कापली गेली होती. तुमची नेहमीची ओळ. आणि मॅडम, प्राचार्यांच्या फळ्यावर इतकं सगळं लिहिलं, दोन रेघा ओढल्या, वर मिशीवर हात फिरवला, पण ती ओळ मी पण लिहिली नव्हती. इतक्या भांडणानंतरसुद्धा नाही.

म्हणून देवरी उद्या. आज परत वाचनालयात आलो आहे, आणि समोर सगळा गठ्ठा आहे. एकेक प्रत उघडून पानाच्या तळाशी हाताने लिहितो आहे: "अट: रोज सारखेच ऊन असेल तोवर."

मान्य, मॅडम. चूक माझी होती. अर्धा गुण कापा. या वेळी मी काही म्हणणार नाही.